अग्नीची साक्ष आणि सरकारी वही

मावळ तालुक्यातल्या गावात लागलेल्या लग्नाची सरकारी नोंद ग्रामपंचायतीत होते. तिथे विवाह निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडे, म्हणजे २०२४ नंतरच्या पदनामाप्रमाणे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे असते. लोणावळा, तळेगाव दाभाडे अशा शहरांत ते नगरपरिषदेकडे असते. या नोंदीमागचा कायदा लांबलचक नावाचा आहे : महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८. ज्या विवाहांची सोय वेगळ्या कायद्यांत आधीच आहे ते वगळता बाकी सर्वांना, धर्म कोणताही असो, तो लागू आहे. लग्न झाल्यापासून नव्वद दिवसांत ठरलेल्या नमुन्यात ज्ञापन भरून द्यायचे, त्यावर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या भटजीच्या किंवा काझीच्या सह्या घ्यायच्या, वयाचे व पत्त्याचे पुरावे जोडायचे. त्यासाठी भरावी लागणारी फी इतकी किरकोळ आहे, की पत्रिका छापायलाच त्याहून कितीतरी जास्त पैसे जातात.

फी किरकोळ असली तरी वही फुकट सांभाळली जात नाही. अर्ज तपासणारा कर्मचारी पगारी असतो आणि त्याच्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी, जन्ममृत्यूच्या नोंदीही असतात. वहीला कपाट लागते, कपाटाला खोली लागते, आणि लोणावळ्यासारख्या वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गावात कागद पन्नास वर्षे वाचता येईल असा ठेवणे हे वेगळेच काम होऊन बसते. शिवाय ही वही कधी बंद करता येत नाही. आज नोंदलेल्या लग्नाची नक्कल आणखी साठ वर्षांनी एखादी विधवा किंवा तिची नातवंडे मागू शकतात. अर्जदाराने एकदाच भरलेली फी या दीर्घ मुदतीला पुरणारी नाही. उरलेला भार सर्वांच्या करातून उचलला जातो. त्यात लग्न न केलेले येतात, संन्यासी येतात आणि ज्यांच्या धर्मदृष्टीने लग्नाशी सरकारचा काही संबंधच नाही असेही येतात. दोन माणसांनी देवाच्या किंवा एकमेकांच्या साक्षीने जोडलेल्या नात्याची नोंद सांभाळण्याचा खर्च तिसऱ्याने का करावा, असा हा प्रश्न आहे. तो हिशेबाचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी विवाह म्हणजे काय याविषयीचे जुने मतभेद आहेत.

मावळात लग्नाच्या नात्याचा एक फार जुना लेखी उल्लेख कार्ल्याच्या डोंगरावर सापडतो. तिथल्या चैत्यगृहातल्या एका शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दान दिल्याचे कोरले आहे. उषवदाताची ओळख त्या लेखात दिनीकाचा मुलगा आणि नहपानाचा जावई अशी दिली आहे. त्याची पत्नी दक्षमित्रा हिचे नाव नाशिकच्या लेण्यांतल्या दानलेखात येते. या दोघांचे लग्न कुठे, कोणत्या विधीने लागले याचा कुठेही पत्ता नाही. कळते ते एवढेच, की नाते होते, आणि तेही एका मालमत्तेच्या व्यवहारात देणाऱ्याचा अधिकार स्पष्ट करावा लागला म्हणून. त्याच डोंगरावर आज कोळी, आगरी, कायस्थ प्रभू कुटुंबांतली नवी जोडपी एकवीरेच्या पाया पडायला येतात. देवी त्यांच्याकडे दाखला मागत नाही. दाखला लागतो तो पुढे जमिनीच्या वेळी, पेन्शनच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी. लग्नाच्या नोंदीचा उगम सोहळ्यात नाही, हक्कात आहे, हे तेव्हाही खरे होते.

मराठी राज्यव्यवस्थेत लग्नाशी सरकारचा पैशाचा संबंध होता, पण तो उलट दिशेने होता. जुन्या कागदांत लग्नटका आणि पाटदाम असे कर आढळतात. पहिला कर लग्नावर होता आणि दुसरा विधवेच्या पुनर्विवाहावर, म्हणजे पाटावर. सरकार पैसे घेई, त्या बदल्यात जोडप्याला पुढे उपयोगी पडेल असा पुरावा देणे हा त्याचा हेतू नव्हता. गावात लग्नाची आठवण ठेवणारे होते ग्रामजोशी, पाटील, बलुतेदार आणि भावकी. यांतल्या जोशाला त्याचे मोल वतनाच्या रूपाने मिळे, आणि ते वतन किती घट्ट होते याचा अंदाज एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांवरून येतो. यजमानाने दुसऱ्या भिक्षुकाकडून विधी करून घेतला तरी वतनदार जोशी आपला हक्क मागू शकतो, हे तत्त्व त्या न्यायालयाने मान्य केले होते. म्हणजे सेवा घेतली नाही तरी पैसे द्यायचे. आज करदात्याने दुसऱ्याच्या लग्ननोंदीचा खर्च सोसावा की नाही, याची चर्चा करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. लग्नाचा सामायिक भार ही आधुनिक सरकारची कल्पना नव्हे. पूर्वी तो भार वतनाच्या नावाने वसूल होई आणि त्यातून सर्वांच्या उपयोगाचे दप्तरही उभे राहत नसे.

या व्यवस्थेला पुण्यातूनच आव्हान मिळाले. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय लग्ने लावायला सुरुवात केली. वधूवरांनी एकमेकांना द्यायची वचने हाच त्या विधीचा गाभा होता. जोशाचा हक्क नाकारला, विधीही बदलला. पण त्यामुळे एक नवी अडचण उभी राहिली. जुन्या विधीला परंपरेचे पाठबळ होते, नव्या विधीला फक्त हजर असलेल्या माणसांचे. ती माणसे गेली, की लग्नाला साक्ष कोणाची? धर्मसत्तेची नोंद नको असणाऱ्यालाच दुसऱ्या कोणाच्या तरी नोंदीची गरज सर्वांत जास्त भासते. मद्रास प्रांतातल्या, पुरोहिताशिवाय लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांवर हाच प्रसंग आला. उच्च न्यायालयाने १९५३ मध्ये ते अवैध ठरवले आणि पुढे तमिळनाडूने हिंदू विवाह कायद्यात ‘७-अ’ हे कलम घालून त्यांना मान्यता दिली. महाराष्ट्रात सत्यशोधक परंपरा इतकी जुनी असूनही तशी दुरुस्ती झालेली नाही. मावळात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तळेगाव दाभाड्याला घर होते आणि तालुक्याच्या वेशीवरच्या देहूरोडला त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध पद्धतीची लग्ने वस्त्यावस्त्यांत रूढ झाली. त्या विधीत होम नाही, सप्तपदी नाही. स्वतः आंबेडकरांचा १९४८ चा दुसरा विवाह नोंदणी पद्धतीने झाला होता.

हिंदू धर्मशास्त्रात विवाह हा संस्कार आहे. अग्नी साक्षी असतो, सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो, आणि पुढे कुठे लिहून ठेवले काय नि न ठेवले काय, त्याने काही बदलत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही भूमिका बरीचशी तशीच उचलली. कलम ७ विधीचे आहे, कलम ८ नोंदणीचे, आणि नोंद नसली म्हणून लग्नाच्या वैधतेला बाध येत नाही असे कलम ८ स्वतःच सांगते. राज्याने नोंदणी सक्तीची केली आणि ती कोणी केली नाही, तर या कलमाखालचा दंड पंचवीस रुपयांपर्यंत. नोंद असावी, पण नसली तरी चालेल, असा हा कायद्याचा दुहेरी सूर आहे.

या दुहेरीपणाची किंमत कोणी मोजली ते दोन निकालांतून दिसते. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र शासन या १९६५ च्या खटल्यात पहिली बायको असताना दुसरे लग्न केल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने विचारले, दुसऱ्या लग्नात आवश्यक विधी झाल्याचा पुरावा काय? तो पुरावा पुरेसा निघाला नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने दुसरे लग्न झालेच नाही आणि गुन्हाही झाला नाही. आरोपी सुटला. मुंबई राज्याने हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना १९४६ मध्येच कायद्याने बंदी केली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात ती वैध ठरवली होती. बंदी अशी पक्की होती, पण लग्न सिद्ध करण्याचे साधन तेवढे पक्के नव्हते. दुसरा निकाल एप्रिल २०२४ चा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने उलट बाजू मांडली : विधी न होता नुसते नोंदणीचे प्रमाणपत्र घेतले, तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न ठरत नाही. दोन्ही निकाल तर्काला धरून आहेत. त्यांचा अर्थ असा, की संस्कार हेच लग्न आणि वही हा फक्त त्याचा पुरावा. मग वहीचा खर्च हा लग्नावरचा खर्च नव्हे. तो वाद मिटवण्याच्या सोयीवरचा खर्च आहे, आणि न्यायालये जशी सर्वांच्या पैशातून चालतात तशी ही वहीही चालावी, हे ओघानेच येते. नोंद नसलेल्या लग्नाचा वाद कोर्टात गेला, की साक्षीदार, फोटो, उलटतपासण्या आणि तारखा यांत जाणारा न्यायाधीशांचा व कर्मचाऱ्यांचा वेळही सार्वजनिक तिजोरीतूनच येतो.

संस्कार आणि नोंदवही यांचे वैर असते असेही नाही. कॅथलिक चर्च विवाहाला संस्कारच मानते, आणि त्याच चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५६३ मध्ये प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूने विवाहांची वही ठेवावी असा नियम केला. कारण सरळ होते. चोरून लागलेली लग्ने नंतर नाकारली जात आणि त्यात बहुधा बाई बुडे. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर, २० सप्टेंबर १७९२ रोजी, या वह्या धर्मगुरूंकडून काढून नगरपालिकांकडे दिल्या गेल्या आणि त्याच दिवशी घटस्फोटाचा कायदाही मंजूर झाला. वही धर्माकडून राज्याकडे आली ती अशी. इस्लाममध्ये निकाह हा करार आहे. मेहेर ठरते, साक्षीदार असतात, निकाहनामा लिहिला जातो. त्याची वही काझी आणि जमात सांभाळतात, सरकार नाही. १८८० च्या काझी कायद्याने सरकारला काझी नेमता येतो, पण निकाहाला तो हजर असलाच पाहिजे अशी सक्ती नाही आणि न्यायनिवाड्याचा अधिकारही त्याला मिळत नाही. पारशांचा मार्ग सर्वांत नेटका. खंडाळ्या-लोणावळ्याच्या बंगल्यांमुळे मावळाला परिचित असलेल्या या समाजासाठी १९३६ मध्ये झालेला कायदा सांगतो, की विवाह लागताच धर्मगुरूने दाखला तयार करावा आणि नवऱ्याने दिलेल्या दोन रुपये फीसह तो निबंधकाकडे पाठवावा. विधी धर्माचा, वही राज्याची, आणि दोघांना जोडणारे काम धर्मगुरूचे.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो हलका नाही. जे नाते विश्वासावर उभे आहे ते कागदावर बांधणे हाच अविश्वास नाही का? मावळातल्या उगमापासून देहूकडे वाहणाऱ्या इंद्रायणीच्या संदर्भात या आक्षेपाला एक मोठा दाखला मिळतो. परंपरा सांगते, की तुकोबांनी घरातल्या सावकारीची कर्जखते नदीत सोडली. कागदातून सुटण्याचे याहून ठळक उदाहरण मराठी मनाला ठाऊक नाही. पण त्याच परंपरेत पुढचा तपशील आहे. खतांचे आधी दोन वाटे झाले. भाऊ कान्होबाचा वाटा त्याला दिला गेला आणि तुकोबांनी बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची खते. दुसऱ्याचा हक्क ज्या कागदात आहे तो सोडून देण्याचा अधिकार विरक्तालाही नसतो. लग्नाच्या कागदात दोघांचा वाटा असतो, आणि मुले झाली की तिसऱ्या-चौथ्याचाही. एकाने म्हणावे आम्हाला कागदाची गरज नाही, तर त्या आम्हीमध्ये पुढे नाकारली जाणारी बायको आणि वारस ठरू न शकलेले मूल यांची संमती घेतलेली नसते. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्विनी कुमार या प्रकरणात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा असे राज्यांना सांगितले, त्यामागे हाच विचार होता. महाराष्ट्रात तेव्हा मुंबई राज्याचा १९५३ चा नोंदणी कायदा आणि नंतरचा १९९८ चा, असा निदान कागदोपत्री पाया होता.

घटस्फोटाकडे वळले की चित्र एकदम बदलते. लग्नाला अग्नी, पंच, काझी, पाद्री, नातेवाईक, जेवणावळ असे साक्षीदारच साक्षीदार असतात. मोडण्याला कोणी नसते. कौटिल्याने धर्म्य विवाहांना मोक्ष, म्हणजे लग्नातून सुटका, नाकारला आणि इतर प्रकारांत परस्परद्वेषाने तो मान्य केला. पण स्मृतिपरंपरेचा मुख्य प्रवाह नाते तुटते हेच मानायला तयार नव्हता. जे तुटत नाही त्याच्या तुटण्याची नोंद कशी असणार? प्रत्यक्ष लोकव्यवहार वेगळा होता. कुणबी-मराठा आणि इतर अनेक जातींत काडीमोड होई. पंचांसमोर काडी मोडली की बाई मोकळी, मग तिचा पाट लागे. कधी सोडचिठ्ठी किंवा फारकत लिहून दिली जाई. हा व्यवहार शास्त्राच्या नजरेत हलका मानला गेला, पण त्याने असंख्य बायकांना दुसरे आयुष्य दिले, हे शास्त्राने त्या काळी केले नाही.

१९४७ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला आणि १९५५ च्या केंद्रीय कायद्याने तो हक्क देशभर दिला. त्यातले कलम २९ रूढीने चालत आलेला काडीमोड शाबूत ठेवते. अट एकच : तशी रूढी होती हे सिद्ध करावे लागते. मोडलेल्या काडीला दप्तर नसते. वीस वर्षांनी वारसनोंदीच्या वेळी पहिल्या नवऱ्यापासून झालेला काडीमोड दाखवायचा, तर पंच जिवंत हवेत आणि त्यांची आठवणही. मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेली सोडचिठ्ठी अजूनही बऱ्याच घरांत जपून ठेवलेली असते. रूढी सिद्ध न झाल्यास कायद्याच्या लेखी तिने लग्न संपत नाही. एक्स्प्रेसवे आणि तळेगावच्या औद्योगिक वसाहतीनंतर मावळातल्या गुंठ्यागुंठ्याला किंमत आली, तेव्हा असे विस्मृतीत गेलेले प्रश्न सातबाऱ्याच्या फेरफारात वर येतात. विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे आणि घटस्फोटित पत्नी वारस नाही. सबंध हिस्सा या एका फरकावर ठरतो.

न्यायालयात झालेल्या घटस्फोटाचा हुकूमनामा त्या न्यायालयाच्या अभिलेखकक्षात राहतो. तो ज्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत लग्न नोंदले होते तिथल्या वहीपर्यंत आपोआप पोचत नाही. वहीत ते लग्न जसेच्या तसे उभे राहते. राज्याने आरंभ स्वस्तात लिहून ठेवला आणि शेवट ज्याचा त्याने सांभाळावा म्हणून सोडून दिला, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी त्रुटी म्हणावी लागेल. तिचे मूळ खर्चाच्या हिशेबात शोधून सापडणार नाही, कारण हुकूमनाम्यावर एवढा सार्वजनिक पैसा खर्च झाल्यावर एका ओळीच्या नोंदीचा वाढीव खर्च नगण्यच आहे. मूळ त्या जुन्या समजुतीत आहे, की लग्न हे समाजाचे असते आणि मोडणे ही ज्याची त्याची खाजगी नामुष्की.

उपाय अनोळखी नाहीत. १९३६ च्या पारशी कायद्यानुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत न्यायालयाने स्वतः विवाह निबंधकाकडे पाठवायची आणि त्याने ती वेगळ्या वहीत नोंदवायची असते. ही जबाबदारी पक्षकारांवर नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणी चालत आली आहे. तिथे विवाहाच्या मूळ नोंदीच्या कडेलाच घटस्फोटाची टीप पडते, म्हणून नक्कल घेणाऱ्याला आरंभ आणि शेवट एकाच पानावर दिसतो. उत्तराखंडने २७ जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या समान नागरी संहितेत घटस्फोटाची नोंदही बंधनकारक केली आहे. मात्र तिथे ती जबाबदारी न्यायालयाऐवजी पक्षकारांवर टाकली, हा उणेपणा आहे.

खर्चाखेरीज नोंदीची दुसरी किंमत असते, ती उघडे पडण्याची. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे लग्नाआधी तीस दिवस नोटीस लावावी लागते, आणि घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करणाऱ्यांना ती धोक्याची ठरते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही नोटीस जोडप्याच्या इच्छेवर सोडली. महाराष्ट्रात तसा निकाल नाही. १८७२ च्या मूळ नागरी विवाह कायद्याने तर जोडप्याकडून आपण अमुक धर्मांचे नाही असे जाहीर करून घेतले होते. ती सदसद्विवेकाची किंमत होती, आणि ती कमी करायला १९२३ ची दुरुस्ती लागली. हिंदू विवाह कायद्याखालची विवाहाची वही कोणालाही वाजवी वेळी पाहता येते आणि ती पुराव्यात चालते. याउलट त्याच कायद्याचे कलम २२ वैवाहिक दाव्याची सुनावणी बंद दाराआड ठेवते आणि तिचा वृत्तान्त छापण्यास मनाई करते. या दोन तरतुदींत विरोध नाही. घटस्फोट झाला ही वस्तुस्थिती वारसांच्या, पुढच्या जोडीदाराच्या आणि तलाठ्याच्या कामाची आहे; तो का झाला हे कोणाच्याच कामाचे नाही. म्हणून सार्वजनिक पैशाने ठेवायच्या घटस्फोटाच्या वहीत दोन नावे, मूळ विवाहनोंदीचा क्रमांक, न्यायालय, दाव्याचा क्रमांक आणि हुकूमनाम्याची तारीख एवढेच रकाने पुरतात. क्रूरता, परित्याग, व्यभिचार हे शब्द अभिलेखकक्षातच राहावेत. रूढीने झालेल्या काडीमोडासाठी असाच एक साधा रकाना उघडता येईल. दोघांनी निबंधकासमोर येऊन, साक्षीदारांसह, विभक्त झाल्याची तारीख सांगावी. त्याने रूढी सिद्ध होणार नाही, पण पुढे ती सिद्ध करायची वेळ आली तर पंचांच्या आठवणीपेक्षा भरवशाची अशी एक तारीख हाती असेल.